कॅज्युअल्टीतला डॉक्टर नक्की काय करतो, आणि पोचेपर्यंतचा तास कसा घालवायचा

प्रश्न असा आला आहे: "आमचं गाव जत तालुक्यात. घरात म्हातारी माणसं आहेत, शेत आहे, रात्री-अपरात्री साप-किरडू निघतं. सांगली-मिरजेच्या मोठ्या दवाखान्यांत आता इमर्जन्सी मेडिसिनचे डॉक्टर असतात म्हणे. हे डॉक्टर काय शिकलेले असतात? पेशंट स्टेबल करून दुसऱ्याच्या ताब्यात देतात, मग त्यांचा उपयोग काय? आणि आम्ही तिथं पोचेपर्यंत काय करावं?"

आधी उपयोगाचं सांगतो. बाकीचे डॉक्टर आजाराचं नाव शोधतात आणि मग उपचार ठरवतात. इमर्जन्सीचा डॉक्टर आधी एवढंच बघतो की हा माणूस पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत कशाने दगावू शकतो, आणि ते थांबवतो. नाव मागाहून कळलं तरी चालतं. "स्टेबल करणं" हा शब्द हलका वाटतो, पण श्वास बंद पडलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालणं, छातीत कोंडलेली हवा सुईने सोडणं, बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणं, हे सगळं त्या एका शब्दात येतं. हे झालं नाही तर पुढच्या सर्जनला किंवा हृदयरोगतज्ज्ञाला काम करायला पेशंटच उरत नाही.

शिक्षणाचं. एमबीबीएस म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. त्यानंतर तीन वर्षांचं एमडी इमर्जन्सी मेडिसिन किंवा त्याच्याच बरोबरीची, राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी. भारतीय वैद्यकीय परिषदेने या विषयाला स्वतंत्र शाखा म्हणून २००९ मध्ये मान्यता दिली, म्हणजे शाखा तशी तरुण आहे. म्हणून लहान गावांत हे डॉक्टर अजून कमी दिसतात. तीन वर्षांत त्यांना आयसीयू, भूल विभाग, हाडांचा, लहान मुलांचा, बाळंतपणाचा असे सगळे विभाग फिरावे लागतात. नळी घालणं, मानेच्या मोठ्या शिरेत औषधांची नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, टाकणं, छातीत नळी टाकून रक्त किंवा हवा काढणं, पोटात रक्तस्राव आहे का हे खाटेशेजारीच सोनोग्राफीने बघणं, निखळलेला सांधा बसवणं ही त्यांची रोजची कामं. काही खासगी रुग्णालयांत एमईएम (मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन) नावाचे कोर्स चालतात. तिथं शिकवण चांगली असू शकते, पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ते पदव्युत्तर पदवीत धरत नाही. एसीएलएस (बंद पडलेल्या हृदयासाठी), एटीएलएस (अपघातासाठी) ही काही दिवसांची प्रशिक्षणं आहेत, पदव्या नव्हेत. पाटीवर ती पदवीसारखी लिहिलेली दिसली तर गोंधळू नका.

तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये रात्री जो आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, असतो तो बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. १०८ च्या गाडीवरही बरेचदा आयुर्वेदाचे डॉक्टर असतात. त्यांना कमी लेखू नका. ऑक्सिजन लावणं, सलाईनसाठी शीर धरणं, अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, श्वास देत राहणं हे ज्याला नीट येतं तो त्या घटकेला तुमचा सगळ्यांत मोठा डॉक्टर. विचारायचंच असेल तर पदवी विचारण्यापेक्षा "इथं नळी घालता येते का, व्हेंटिलेटर आहे का, सापाचं औषध किती बाटल्या आहे" हे विचारा.

आता आत गेल्यावर काय होतं ते. दारातच ट्रायेज होतो, म्हणजे आलेल्या क्रमाने नव्हे तर धोक्याच्या क्रमाने लाल, पिवळा, हिरवा असे गट. तुमच्या हाताचं हाड मोडलेलं असताना मागून आलेल्या, वरकरणी शांत पडलेल्या माणसाला आधी घेतलं तर राग येतो, ते साहजिक आहे. पण ओरडणाऱ्या माणसाचा श्वासमार्ग मोकळा आहे हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळतं. शांत पडलेल्याची खात्री नसते. लाल गटात क्रम ठरलेला: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, आणि मग कपडे काढून सगळं अंग पुढून-मागून बघणं. शुद्ध बघतानाच बोटातून शुगर तपासली जाते. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि ती विसरली तर मोठा घोळ होतो. शुगर ४०-५० वर आलेला माणूस हुबेहूब लकवा झाल्यासारखा दिसू शकतो, एक हात लुळा, बोलणं अडखळत. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून गेलं की उठून बसतो, आणि नातेवाईक लगेच घरी न्यायला निघतात. इथं चूक होते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि शुगर पुन्हा पडते. बरेचदा मध्यरात्री, झोपेत. किडनी कमजोर असेल तर अजूनच. अशा पेशंटला २४ तास ठेवून घ्यायला सांगितलं तर ते बिलासाठी नाही. घरी शुगर पडली आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात साखरपाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

खरा लकवा असेल तर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून. हे साडेचार तास लक्षण दिसल्यापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथपासून मोजतात. पहाटे पाचला उठवताना तोंड वाकडं दिसलं, पण रात्री दहाला झोपला तेव्हा ठीक होता, तर आम्हा डॉक्टरांसाठी घड्याळ दहापासून सुरू. "रात्री दोनला लघवीला उठला होता, तेव्हा नीट चालत होता" हे कुणी आठवून सांगितलं तर त्या एका वाक्याने उपचार बदलू शकतो.

सापाचं जरा सविस्तर सांगतो, कारण जत-आटपाडीपासून शिराळ्यापर्यंत हा सगळ्या जिल्ह्याचा प्रश्न आहे. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळे जिल्ह्याचं नाव नागाशी जोडलं गेलंय, पण डॉक्टरला सगळ्यांत चकवते ती मण्यार. नाग चावला तर जागा सुजते, दुखते. घोणस चावली तर सूज भराभर चढते, हिरड्यांतून किंवा जखमेतून रक्त थांबत नाही, लघवी लाल होते. मण्यार चावल्याची खूण बरेचदा दिसतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय, उलटी होतेय, घसा दुखतोय म्हणत उठतो. पित्त झालं समजून गोळी दिली जाते. तासा-दोन तासांत पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येत नाही, मान उचलता येत नाही. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड, एवढ्यावर मण्यार धरून चालायचं, चाव्याची खूण शोधत बसायचं नाही.

मण्यारीचं विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं. हात-पाय हलत नाहीत, डोळे उघडत नाहीत, बाहुल्याही मोठ्या होऊन स्थिर होऊ शकतात. माणूस गेला असं वाटतं, रडारड सुरू होते. पण त्याला सगळं ऐकू येत असतं, नाडी चालू असते, फक्त श्वास ओढायची ताकद गेलेली असते. अशा वेळी कुणी अंबू बॅगने दर पाच-सहा सेकंदांना एक श्वास देत राहिला, पुढे नळी घालून व्हेंटिलेटर लावला, तर काही दिवसांनी हाच माणूस चालत घरी जातो. पापण्या पडलेल्या पेशंटला साध्या जीपमधून पाठवण्याचा धोका म्हणूनच मोठा. बरोबर बॅग दाबणारा माणूस हवा.

घोणस आणि फुरसं यांचं विष रक्ताची गुठळी होऊ देत नाही. ते ओळखायला महागडी लॅब लागत नाही. नवी, कोरडी, काचेची टेस्ट ट्यूब घ्यायची. शिरेतून काढलेलं दोन मिली ताजं रक्त तिच्यात घालायचं, टेबलावर उभी ठेवायची आणि घड्याळ बघायचं. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच आडवी करायची. रक्ताचा गोळा तळाला चिकटून राहिला तर गोठतंय. पाण्यासारखं काचेवरून ओघळलं तर विष अंगात आहे, औषध लगेच सुरू. इतकं साधं असूनही ही तपासणी फसते आणि कारणं नेहमीची आहेत. ट्यूब प्लास्टिकची असते, तर रक्त गोठायची सुरुवात काचेच्या स्पर्शाने होते. ट्यूब साबणाने धुतलेली असते आणि साबणाचा अंश गोठण्यात अडथळा आणतो. किंवा कुणीतरी दर पाच मिनिटांनी उचलून हलवून बघतो आणि होत आलेली गुठळी मोडतो. पहिल्यांदा रक्त गोठलं म्हणून विषबाधा नाही असंही म्हणता येत नाही. पेशंट २४ तास देखरेखीखाली हवा आणि तपासणी पुन्हा पुन्हा हवी.

औषध म्हणजे सर्पविषरोधक लस. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच. सुरुवातीला दहा बाटल्या. प्रत्येक बाटलीतली पावडर दहा मिली पाण्यात विरघळवायची. ती घुसळायची नाही, हळू फिरवायची, नाहीतर फेस होतो. मग सलाईनमध्ये मिसळून तासाभरात शिरेतून द्यायचं. मुलांनाही तितक्याच बाटल्या, कारण साप लहान मूल बघून कमी विष सोडत नाही. "आधी टेस्ट डोस द्या" हा आग्रह जुना झाला. टेस्ट डोसवरून रिअ‍ॅक्शन येणार की नाही हे कळत नाही आणि वेळ जातो. रिअ‍ॅक्शन मात्र येऊ शकते, म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं डॉक्टर किंवा सिस्टर खाटेपासून हलता कामा नये. अंगाला खाज, गांध्या, थंडी वाजून येणं, धाप यातलं काहीही दिसलं की सलाईन थांबवायचं, अ‍ॅड्रिनॅलिन अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, आणि पेशंट सावरला की औषध हळू वेगाने पुन्हा सुरू. रिअ‍ॅक्शन आली म्हणून औषध कायमचं बंद करणं ही मोठी चूक. दुसरी चूक उलट बाजूची: रक्त गोठत नाही म्हणून दर तासाला बाटल्या वाढवत राहणं. विष मारलं गेलं तरी गोठण्याचे घटक नव्याने बनवायला यकृताला सुमारे सहा तास लागतात, म्हणून पुढची तपासणी सहा तासांनी. नागाच्या विषात निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिनची जोड चांगली उपयोगी पडते, मण्यारीत बहुधा नाही. चांदोली-कोयनेच्या जंगलपट्ट्यात चापडा नावाचा साप असतो, त्याच्या विषावर ही लस चालत नाही. तिथं वेदना, सूज आणि रक्तस्राव सांभाळत बसावं लागतं.

घरच्यांनी काय करायचं? पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या, माणसाला चालवू नका, पळवू नका. हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा, मोडलेल्या हाडासारखा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पायातला काळा दोरा लगेच काढा. सूज चढली की हेच कापत बसावं लागतं. करकचून दोरी बांधू नका. आधीच बांधली असेल तर वाटेत घाईने सोडू नका, अडकलेलं विष एकदम अंगात जातं. दवाखान्यात औषध आणि श्वासाची तयारी झाल्यावर डॉक्टर सोडतील. कापणं, चोखणं, मंतरलेलं पाणी, झाडपाला, यात गेलेला तास परत मिळत नाही. सापाला मारून आणायची गरज नाही. लांबून मोबाईलवर फोटो सहज मिळाला तर ठीक. चावल्याची वेळ मात्र लिहून ठेवा, आणि सुजेच्या कडेला पेनने रेघ मारून शेजारी वेळ लिहा. ती रेघ बघून सूज किती वेगाने चढतेय हे डॉक्टरला एका नजरेत कळतं.

लाल विंचवाचंही असंच. नुसती आग होत असेल तर भीती कमी. पण दरदरून घाम, हातपाय गार, उलटी, छातीत धडधड, विशेषतः लहान मुलात, असं झालं की प्राझोसिनची गोळी लागते. कोकणात महाडला काम केलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी हा उपचार रुजवला आणि गोळी इतकी स्वस्त आहे की ती कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवी.

यानंतर शेतीच्या औषधाचं. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात छाटणीनंतर फवारण्यांची रांग लागते. कुणी वाऱ्याच्या तोंडावर फवारून, कुणी गळक्या पंपाने पाठ भिजवून विष अंगात घेतो, आणि कुणी रागाच्या, निराशेच्या भरात औषध पितो. उपचार दोघांचे सारखेच. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस, दरदरून घाम, छातीत घरघर, कपड्यांत लघवी-संडास. हा पेशंट स्वतःच्या स्रावात बुडून मरतो, म्हणून स्राव सुकवणारं अ‍ॅट्रोपिन. एका अँप्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. मोठ्या माणसाला सुरुवात तीन अँप्युलने. पाच मिनिटं थांबायचं, छातीला स्टेथो लावायचा. घरघर आहे? दुप्पट, सहा. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा स्टेथो, अजून ओली? बारा. फोडलेल्या अँप्युलचा ढीग बघून नातेवाईक घाबरतात, पण आमचं लक्ष त्या ढिगाकडे नसतं. छाती कोरडी झाली का, काख कोरडी झाली का, नाडी ८० च्या वर आणि वरचं बीपी ८० च्या वर आलं का, एवढंच बघायचं. बाहुल्या उशिरा मोठ्या होतात, त्यांच्या मागे लागलं तर डोस चुकतो. आणि नाडी आधीच जोरात आहे म्हणून अ‍ॅट्रोपिन रोखणंही चूक. गुदमरल्यामुळेही नाडी धावते. पुरेसं झालं की एकूण लागलेल्या डोसच्या दहा-वीस टक्के दर तासाला ड्रिपने. जास्त झालं तर ताप येतो, पेशंट बरळतो, हवेत काहीतरी वेचल्यासारखं करतो, पोटाचा आवाज बंद होतो. मग ड्रिप थांबवून, नंतर कमी वेगाने सुरू.

त्याआधी आणि त्याच्याबरोबरीने अंग धुणं. कपडे कात्रीने कापून पिशवीत बांधायचे, केस, काखा, नखं साबणाने भरपूर पाण्याने धुवायची, धुणाऱ्याने हातमोजे घालायचे. चामड्याचा पट्टा, चप्पल धुऊन विष निघत नाही, ते टाकून द्यायचं. पोट धुणं फक्त लवकर आलेल्या आणि श्वासमार्ग सुरक्षित असलेल्या पेशंटचं. घरी मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी काढू नका. या औषधांत रॉकेलसारखा द्रव मिसळलेला असतो, उलटीबरोबर तो फुप्फुसात गेला की विषाहून वेगळाच न्यूमोनिया मागे लागतो. दूध, तूप, अंड्याचा बलक यांनी काहीही उतरत नाही.

बाटली बरोबर आणाच, रिकामी असली तरी. दुकानात मिळणाऱ्या मोठ्या अक्षरांतल्या नावाने आम्हाला फारसं कळत नाही. लेबलावर बारीक अक्षरात टेक्निकल नाव असतं, तेच लागतं. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन अशी दोन विषं एकाच बाटलीतही येतात. लेबलावर त्रिकोण असतो: लाल अति विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, फक्त त्या चौघांत सौम्य. पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर सगळी दिशाच बदलते. एरवी आम्ही ऑक्सिजनला हात आखडता घेत नाही, पण यात जास्तीचा ऑक्सिजन फुप्फुस अजून जाळतो, म्हणून अगदी लागेल तेवढाच देतात. हा पेशंट पहिल्या दिवशी हिंडता-फिरता असतो. तो बरा दिसतो म्हणून घरी नेऊ नका.

फॉस्फरसच्या विषात दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचं एक वळण असतं. पेशंट शुद्धीवर येतो, बोलतो, चहा मागतो, आणि घरचे डिस्चार्जसाठी थांबलेले असतात. अशा वेळी त्याला उशीवरून मान उचलायला सांगावं. उचलता आली नाही तर मानेचे आणि पाठोपाठ श्वासाचे स्नायू कमजोर होत आहेत, काही तासांत व्हेंटिलेटर लागू शकतो. म्हणून चार दिवसांचा आग्रह.

ज्याने स्वतःहून फवारणीचं औषध घेतलं त्याला कॅज्युअल्टीत "का केलंस" म्हणून कुणीही रागावू नये, ना डॉक्टरने, ना मामा-काकांनी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा हा विषय नाही, उपचार आणि आधार हा विषय आहे. डिस्चार्जआधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट मागून घ्या, घरातली औषधं कुलपात ठेवा, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर फोनमध्ये ठेवा. मराठीतून बोलता येतं.

छातीतल्या दुखण्याबद्दल थोडक्यात, कारण नियम स्पष्ट आहे: दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी. पहिला नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्तातली ट्रोपोनिनची तपासणीही काही तासांनी पुन्हा. मधुमेहाच्या माणसाला छातीत दुखेलच असं नाही, नुसता घाम, धाप आणि गळाठा असतो. सोडा, ओवा, गॅसची गोळी यात घरी दोन-तीन तास जातात, तेच हृदयाच्या स्नायूचे असतात. अ‍ॅस्पिरिनची ३०० ते ३२५ ची गोळी चावून खायला देतात, अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची सवय मात्र धोक्याची. बीपी कमी असेल किंवा हृदयाच्या उजव्या बाजूचा अटॅक असेल तर त्या गोळीने बीपी कोसळतं. जत-आटपाडीहून अँजिओप्लास्टीच्या टेबलावर दोन तासांच्या आत पेशंट पोचणार नसेल, तर जवळच जिथं सोय असेल तिथं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज, घेऊन मग मिरजेकडे निघणं हेच बरोबर. "मोठ्या दवाखान्यातच जाऊ" म्हणून इंजेक्शन नाकारणं महागात पडतं. इंजेक्शनने दुखणं थांबलं तरी अँजिओग्राफीला जायचंच.

अपघातात, विशेषतः गाळपाच्या हंगामात, रात्री दिवे नसलेल्या ऊसाच्या ट्रॉलीवर मागून मोटरसायकल आदळते. डोक्याची जखम सगळ्यांना दिसते, पण तरुण माणूस बरेचदा पोटातल्या किंवा कमरेच्या हाडातल्या रक्तस्रावाने जातो. तरुण शरीर खूप वेळ तग धरतं. सुमारे दीड लिटर रक्त गेल्यावरच बीपी पडतं, त्याआधी फक्त नाडी वाढते, हात गार पडतात, माणूस अस्वस्थ होतो, पाणी मागतो. म्हणून "बीपी नॉर्मल आहे" यावर आम्ही निर्धास्त होत नाही. वाहतं रक्त दिसलं तर स्वच्छ कापडाने तळहाताचा जोर देऊन सलग दहा मिनिटं दाबा, मध्ये उचलून बघू नका. कमरेचं हाड मोडल्यासारखं वाटलं तर चादरीची घडी करून मांडीच्या वरच्या बाजूला, जिथं कुल्ल्याचं हाड हाताला लागतं तिथं, आवळून बांधतात. पोटावर नव्हे. हेल्मेट दोघांनी काढायचं, एकाने मान धरून. दोघांच्या मध्ये बसवून बाईकवरून आणू नका. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड एक ग्रॅम तीन तासांच्या आत दिलं तरच उपयोग, त्यानंतर तोटा. सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या की उरलेलं रक्त पातळ आणि थंड होतं आणि गोठायचं थांबतं, म्हणून लवकर रक्तच लावतात. रक्तदाते बरोबर आणलेत तर फार मदत होते.

गुऱ्हाळावरच्या भाजण्यात काहिलीतला रस किंवा गरम गूळ कातडीला चिकटतो आणि भाजणं चालूच राहतं. तो ओरबाडू नका. वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. लावलेलं काढताना कातडी निघते आणि खोली समजत नाही.

पोलीस आणि पैशांची भीती वाटते, म्हणून तेही सांगतो. आधी उपचार, मग कागदपत्र, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, करणं ही डॉक्टरची जबाबदारी, तुम्ही आधी पोलीस ठाण्यात जायची गरज नाही. जखमीला आणून सोडणाऱ्या अनोळखी माणसाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने संरक्षण आहे, नाव न सांगताही जाता येतं. रस्ते अपघातासाठी २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, सात दिवसांपर्यंत दीड लाखाची. नोंदणीकृत रुग्णालय आहे का एवढं विचारा.

शेवटी जतहून निघताना. पहिल्या दवाखान्याने पाठवायचं ठरवलं तर तिथल्या डॉक्टरला मिरजेच्या किंवा सांगलीच्या डॉक्टरशी फोनवर बोलायला सांगा आणि ज्याच्याशी बोलणं झालं त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. खाट आहे का, व्हेंटिलेटर रिकामा आहे का, हे निघण्याआधी कळतं. चिठ्ठीवर घटनेची वेळ, आल्यावरची नाडी-बीपी-शुगर, दिलेलं प्रत्येक इंजेक्शन, त्याचा डोस आणि वेळ हवी. "औषध दिलं" एवढंच लिहिलं तर किती बाटल्या, किती अ‍ॅट्रोपिन, हे पुढच्या डॉक्टरला कळत नाही आणि डोस दुबार तरी होतो किंवा अपुरा तरी. रोजच्या गोळ्या पिशवीसकट आणा. अ‍ॅम्ब्युलन्समधला बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दहा लिटरने तो अडीच तास जातो, अर्धा भरलेला सव्वा तास. जत ते मिरज हा रात्रीचा रस्ता, वाटेत ऊसाच्या गाड्या. गाडी गेटबाहेर पडायच्या आधी सिलिंडरचं गेज स्वतः बघा, आणि काटा अर्ध्याच्या खाली असेल तर दुसरा सिलिंडर चढवल्याशिवाय निघू नका.